शॅम्पेनला कधी जावं

इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊहून फ्रान्सचा शॅम्पेनचा मुलूख बघायला कधी जावं, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेतानाही झाली नव्हती. मला मे महिना हवा होता, पण मे-जूनमध्ये नवऱ्याला परागकणांमुळे हे-फीव्हर होतो आणि तो दोन शिंकांच्या मध्ये सापडेल तेवढंच बोलतो. ऑगस्टमध्ये तिकडची माणसं स्वतःच सुट्टीवर जातात, असं ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली. खरी मजा सप्टेंबरात, द्राक्षांच्या तोडणीत. पण तेव्हा मुलीची शाळा नुकतीच सुरू झालेली असते, आणि गणपती! आमच्या मंडळात उकडीचे मोदक माझ्याकडे असतात. बाप्पाला सोडून वाइन बघायला गेले असते, तर वर्षभर कुणाला तोंड दाखवता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले होते. निघतानाच मुंबईहून युरोपचाही व्हिसा करून आले होते. सासरे पिंपळगावला एसटीचे डेपो मॅनेजर होते. द्राक्षांच्या गावात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना विचारण्याची गरजच नव्हती. त्यांनीच सांगितलं.

"द्राक्ष फेब्रुवारीत येतं. यात चर्चा कसली?"

"बाबा, पण तिकडे फेब्रुवारीत कडाक्याची थंडी असते."

"थंडीनंच गोडी भरते."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो लगबगीने डिशवॉशर लावायला उठला.

फेब्रुवारी लागला तसे बाबा सुपरमार्केटमधून द्राक्षांचा डबाच घेऊन आले. "ही बघ. आली की नाही बाजारात?"

मी डबा उलटा करून लेबल वाचून दाखवलं. द्राक्षं भारतातली होती.

बाबा जराही डगमगले नाहीत. "बरोबर. म्हणजे सीझन तोच."

तेव्हा मुलीच्या शाळेला हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी लागली तसे आम्ही निघालो. सासूबाईंनी दशम्या, ठेचा आणि उडदाच्या पापडांचं एक पाकीट घेतलं होतं. "आई, पापड भाजणार कुठे?" मी विचारलं. "असू दे गं, जड का आहेत?" त्या म्हणाल्या. गाडी ट्रेनमध्ये घालून आम्ही समुद्राखालून फ्रान्सला पोचलो, आणि समुद्र कुठेच दिसला नाही म्हणून त्या थोड्या रुसल्या.

दुपारी शॅम्पेनच्या टेकड्या आल्या. धुकं होतं. त्यातून रांगाच रांगा दिसत होत्या, काळ्या, वाकड्या खुंटांच्या. पान नाही, घड नाही.

"आजोबा," मागून मुलगी म्हणाली, "सगळी द्राक्षं कुठे गेली?"

बाबांनी हातरुमालाने काच पुसली. "पुढे असतील."

पुढच्या टेकडीवरही खुंटच. त्याच्या पुढच्याही. ज्या तळघरांत वाइन चाखायला मिळते म्हणून ऐकलं होतं, त्यांच्या दारांना कुलपं. शेवटी बाबा म्हणाले, "छाटणी चाललीय." सकाळी डेपोत जावं आणि आत एकही गाडी नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

रस्त्यालगतच्या मळ्यात एक साठीची बाई वेली छाटत होती. शेजारी अर्ध्या कापलेल्या पिंपाला चाक लावलेली ढकलगाडी होती आणि तिच्यात छाटलेल्या काड्या जळत होत्या. विस्तव बघून सासूबाई म्हणाल्या, "थांबव रे. जरा शेकू या."

नऊवारी नव्हे, पण काठापदराची साडी, वर माझं जाकीट, डोक्याला नातीची गोंड्याची टोपी, अशा त्या मळ्यात शिरल्या. "फार थंडी हो तुमच्याकडे," त्यांनी त्या बाईला मराठीत सांगितलं. बाईने फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं. दोघींनी माना डोलावल्या. मग सासूबाईंनी पाकीट काढलं आणि निखाऱ्यावर पापड धरला. तो फुलून आला तशी ती बाई टाळ्या वाजवायला लागली. पहिला पापड तिने आवडीने खाल्ला. दुसऱ्यावर सासूबाईंनी प्रेमाने ठेचा घातला.

बाई लालबुंद झाली, खोकायला लागली. "पाणी! अरे, पाणी द्या त्यांना!" बाबा ओरडले. पण ती स्वतःच आपल्या व्हॅनकडे धावली आणि बिनलेबलाची एक बाटली उघडून घटाघटा प्यायली. मग डोळे पुसत हसली आणि आम्हा सगळ्यांसाठी पत्र्याचे कप भरायला लागली. नवऱ्याला गाडी चालवायची होती आणि मुलगी लहान, म्हणून त्या दोघांना दशमी.

बाबांनी जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता. कप धरून ते बायकोकडे बघत राहिले.

"घ्या हो," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटेल." आणि स्वतः आधी प्यायल्या. "सोड्यासारखं लागतंय. जरा आंबूस. पापडाबरोबर बरं आहे."

बाबांनी एक घोट घेतला. रिकाम्या टेकडीकडे बघितलं. "या सीझनला गर्दी नसते," ते म्हणाले, "हे मी धरलंच होतं."

उरलेले पापड त्या बाईला देऊन आम्ही निघालो. सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या. पुढे बसून बाबा नवऱ्याला मोठ्या उत्साहाने हॉटेलचा रस्ता सांगत होते. तो त्यांना माहीत नव्हता.