उलट्या जगाचा साचा

दुपारचं जेवण झालं की रिसबूड सर झोपत नाहीत. ‘जरा पाठ टेकतो,’ म्हणतात. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण दुपारी झोपतो असं कबूल करायचं म्हणजे तास बुडवल्यासारखं वाटतं. तर आज सरांनी पाठ टेकली आहे. आमटी पोटात स्थिरावते आहे, आत नलूताई भांडी लावताहेत, आणि त्या आवाजाची हळूहळू शाळेची घंटा होते आहे.

मेथीचा वास येतो. भाजी तर दोडक्याची होती, असं म्हणत सर दार ढकलतात, तर समोर चित्रकलेचा वर्ग. वडके मास्तर कोपरापर्यंत लगद्यात हात घालून बसलेले.

“या सर. दार लावा. वारं लागलं की ऑस्ट्रेलिया तडकतो.”

वडके मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. सरांना ते आठवतं, पण भेटल्या भेटल्या असला विषय काढणं बरं दिसत नाही. ते दार लावतात.

जुन्या उत्तरपत्रिका भिजवून केलेला लगदा, त्यात डिंक, आणि किडा लागू नये म्हणून मेथीची पूड. याच लगद्यातून दोघांनी जगाचा उठावाचा नकाशा केला होता, पस्तीस वर्षांपूर्वी. नकाशा काढला भूगोलाच्या रिसबूड सरांनी. साचा कोरला वडके मास्तरांनी. मास्तर पेणचे, घर गणपती करणारं. साचा त्यांच्या रक्तातच.

“वडके, मला जरा बोलायचं होतं.”

“बोला की. पण चालता चालता. हिमालय ओला आहे, कडेकडेने या.”

आणि दोघं चालताहेत. टेबल कुठे संपलं, कळत नाही. घोट्याएवढा निळा समुद्र आहे. विषुववृत्ताचा दोरा सरांच्या पायात अडकतो.

“जपून. तो तुम्हीच चिकटवलाय.”

उजव्या हाताला एक लांबच लांब डोंगररांग दिसते. “अँडीज,” सर सवयीनं म्हणतात, “जगाच्या पश्चिमेला.”

“त्या जगात. ह्या जगात पूर्वेला.”

सर दोऱ्यातून पाय सोडवतात. मास्तरांचं बरोबरच आहे. साच्यात जे डावीकडे कोरावं, ते बाहेर उजवीकडे येतं. पेणच्या त्या गल्लीत हे दूधपित्या पोरालाही ठाऊक. साचा उघडायचा मान तपासणीला आलेल्या साहेबांना दिला होता. साहेबांनी उघडला, टाळ्या झाल्या, पाच मिनिटं सगळे कौतुकच करत होते. मग एका कारकुनाला गुजरात बंगालच्या जागी दिसला. मुख्याध्यापकांनी विचारलं, “ही चूक कुणाची?” सर काही खोटं बोलले नाहीत. फक्त खिडकीबाहेर बघत राहिले. अहवालात आलं, ‘कलाशिक्षकाचा निष्काळजीपणा.’ पेणला बातमी पोचली आणि वडक्यांचं नाव पडलं ‘उलटे मास्तर’. सुट्टीत घरी गेले की भाऊ त्यांना साच्याला हात लावू देईना; रंग देत बसायचे.

आता समोर समुद्र आहे आणि पायाखाली कोकणची वाळू. त्या समुद्रातूनच सूर्य वर येतो आहे, लाल, ओलाचिंब.

“घ्या,” वडके म्हणतात. “कोकणात जन्म गेला, पण समुद्रातून उगवताना बघितला होता का कधी?”

“नाही बुवा.”

“एवढं एक चांगलं काम झालं आपल्या नकाशात.”

दोघं वाळूत बसतात. शाळा सुटल्यावर बसायचे तसेच, एका बशीतला चहा आळीपाळीनं पीत. सर बशी खाली ठेवतात.

“तुम्ही मला विचारलं होतंत, वडके. ‘सर, उलटा कोरू ना?’ म्हणून. मी म्हटलं, नकाशा आहे तसा कोरा, भूगोलात अक्कल चालवू नका.”

“शब्दन् शब्द पाठ आहे की तुम्हाला!”

“पस्तीस वर्षं पाठ आहे.”

“मग तेव्हा का नाही बोललात?” मास्तर विचारतात, ताटात मीठ वाढायला सांगावं तितक्या साधेपणानं.

“सगळ्यांसमोर कसं सांगू? भूगोलाच्या शिक्षकाला डावं-उजवं कळलं नाही म्हणून?”

वडके मास्तर खो खो हसतात. बगळे उडतात. मग हसू ओसरतं.

“माझं काय, सर, मी सुटलो. पण आमची सुलभा अजून त्याच घरात आहे. साचे मांडताना पुतणसुना तिच्याकडे बघून हसतात. तिला सांगा. आणि तिच्या दिराला ऐकू जाईल असं सांगा.”

“उठल्या उठल्या सांगतो.”

“उठल्या उठल्या माणूस चहा मागतो. हात करा पुढं.”

कानावरचा बारीक कुंचला काढून मास्तर तो लाल रंगात बुडवतात. गणपतीचे डोळे आखायचा कुंचला. सरांच्या तळहातावर काहीतरी लिहितात. गुदगुल्या होतात.

“वाचू नका, ओलं आहे.”

सूर्य मोठा होत होत थेट डोळ्यांत येतो. नलूताईंनी पडदा सरकवला आहे.

“चार वाजले. अहो, गालाला काय हे?”

सर उठून बसतात. झोपेत गालाखाली हात होता. तळहातावर लाल फराटा आहे. नलूताई चष्मा लावून गाल न्याहाळतात.

“अक्षरं आहेत. पण उलटी.”

“उलटी नाहीत,” सर म्हणतात, “तो साचा आहे.”

चहा न मागता ते फोन घेऊन बेसिनपाशी जातात. या घरात रेंज तिथेच येते. पेणचा नंबर लागतो.

“सुलभावहिनी? मी रिसबूड. तुमचे भावजी घरात आहेत का? मग फोन स्पीकरवर घ्या. तो नकाशा... ती चूक वडक्यांची नव्हती, माझी होती.”

“कोण? नीट ऐकू येत नाही हो!”

सर मान वर करतात. आरशात त्यांच्या गालावर, वडक्यांच्या रेखीव अक्षरात, लाल आणि सरळ एकच शब्द आहे: ‘मोठ्याने.’

सर घसा साफ करतात आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात करतात.