फॉल्ट नसलेला भूकंप

कऱ्हाडच्या कन्याशाळेत मालिनीबाई भूकंप असा शिकवायच्या की मागच्या ओळीतल्या मुली बाक घट्ट धरून बसायच्या. नवऱ्याच्या मागे एकट्या पडल्यावर त्या अमेरिकेत ॲन आर्बरला लेकीकडे, राधिकाकडे राहायला आल्या. जावई गिरीशराव युनिव्हर्सिटीत खडकांवर संशोधन करणारे! लग्नात पत्रिका राधिकाची जुळवली होती की सासूबाईंची, असं ओळखीपाळखीचे विचारायचे.

दर मंगळवारी गिरीशराव त्यांना भूपट्टांच्या लेक्चरला न्यायचे. दोन स्वेटरांवर कोट चढवून बाई पहिल्या रांगेत. प्रोफेसर ‘फॉल्ट’ म्हणाले की त्या पुटपुटायच्या, “प्रस्तरभंग!”

“आई, फुल मार्क्स,” गिरीशराव हळूच म्हणायचे.

फेब्रुवारीत एकदा जेवताना राधिका म्हणाली, “आई, आम्ही सेपरेट होतोय. भांडण वगैरे नाही. इथे नो-फॉल्ट डिव्होर्स असतो, कुणाची चूक दाखवावी लागत नाही.”

बाईंच्या डोळ्यांपुढे आपला फळाच आला. “फॉल्ट नाही? मग जमीन सरकली कशी?”

राधिकाला हसू फुटलं आणि अर्ध्यातच त्याचं रडू झालं. गिरीशराव ताटात बघत म्हणाले, “सरकते, आई. अख्खी प्लेटच सरकते. वर राहणाऱ्यांना कळतही नाही.”

“तुम्हाला नाही कळलं?”

“उशिरा कळलं.”

बाईंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. दुसरं काय करणार?

एप्रिलमध्ये कोर्टाचं उरकलं. गिरीशला टेक्सासात नोकरी मिळाली होती. तो निघाला त्या सकाळी राधिका मुद्दामच लवकर ऑफिसला गेली. बाईंनी गूळपोळ्यांचा डबा त्याच्या खोक्यांवर ठेवला.

“लेक्चरची बस कोपऱ्यावरच मिळते,” तो म्हणाला. “प्रोफेसरांना सांगून ठेवलंय. बरं, निघतो... काकू.”

काकू. इथे दुकानात, देवळात कुणीही पोरं त्यांना काकू म्हणायची. शब्दात वाईट काहीच नव्हतं. पण म्हणून झाल्यावर तोही खोक्याची चिकटपट्टी उगाच दाबत राहिला.

बाईंना त्याला हाक मारायची होती. पण ‘राव’ आता कुठल्या हक्कानं लावायचं? सासूपण तर कोर्टात संपलं होतं. तो गाडीपर्यंत पोचला, तशा त्या दारातून ओरडल्या, “गिरीश! अरे, मफलर घाल की! घसा धरेल!”

तो वळला. मफलरचे दोन वेढे त्यानं गळ्याभोवती घेतले, नीट गाठ मारली आणि बाईंना दाखवली. मग गाडीत बसला आणि गेला.