भावजी सावकाश निघतात

एका परक्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरींत बोट मी घुसवली, हे मला मान्य आहे. पण डावीकडे वळायचं असेल तर सुकाणू उजवीकडे ढकलायचं, ही पद्धत काढली कोणी? भावजींनी नीट समजावलं होतं, मीही मान डोलावली होती, आणि वेळ आल्यावर शहाण्या माणसासारखं डावीकडे ढकललं. बोट उजव्या काठावर चढायला बघू लागली, तिचं नाक चिखलात रुतलं, शेपूट कालव्यात आडवं झालं आणि दोरीवरची एक ओली चादर अलगद ताईच्या डोक्यावर उतरली. बोट ठेवायची की काढून टाकायची, याचा निकाल नेमका त्याच दिवशी लागायचा होता. निकाल देणारी चादरीखाली होती.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शहराची बस चालवली. डेपोत त्यांना 'वादळ' म्हणत, आणि ते कौतुक आहे असा त्यांचा निवृत्त होईपर्यंत समज होता. थांब्यावर ताटकळलेल्या लोकांना आशा दाखवायची, बस बरीच पुढे नेऊन उभी करायची आणि आरशातून त्यांची पळापळ बघायची, ही त्यांची करमणूक. घरीही तीच तऱ्हा. जेवण उभ्याने. बाजारात ताई पिशव्या सावरत मागे, आणि हे पुढच्या कोपऱ्यावर घड्याळाकडे बघत. त्यांच्या लग्नाच्या फोटोत ताई आहे, आणि तिच्या शेजारून कोणीतरी निघून चाललंय.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याला एकाएकी संथपणाचा साक्षात्कार झाला. ताईला न विचारता त्यांनी एक जुनी छोटी बोट घेतली. बोट कालव्यात राहिली. तिचं इंजिन मात्र दुरुस्तीसाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुक्कामाला आलं. ते एकदाचं हललं, तेव्हापासून रोज चालत्या माणसाच्या वेगाने कालव्यात हिंडायचं आणि घाई हा माणसाचा कसा शत्रू आहे, हे घरी येऊन ताईला समजावायचं. तेही ती घाईघाईने त्यांच्यासाठी चहा टाकत असताना.

ताईने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग तुकडा पाडला. आपण एकदा त्या बोटीत बसणार. आवडलं तर ठीक, नाहीतर बोट काठावरच्या चहावाल्याच्या गळ्यात मारायची; त्याला तिच्यात बाकडी टाकायची होतीच. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. भावजी धास्तावले होते. बोटीला ताजा रंग दिला होता, थोडा त्यांच्या कानालाही लागला होता.

निघालो तेव्हा सगळं छान होतं. कडेला झाडं, पाण्यात बदकं आणि मागे भावजींचं भाषण. विषय शांतता. पहिला पूल गेला, दुसरा गेला, शांतता काही संपेना. काठावरून काठी टेकत चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले, जाताना सहानुभूतीने हात हलवून गेले.

शेवटी ताई म्हणाली, "अहो, ती शांतता जरा ऐकू येईल का?"

भावजींचा चेहरा पडला. त्यांना डोळ्यांसमोर चहावाल्याची बाकडी दिसली असावीत. मग त्यांनी मी कधी न पाहिलेली गोष्ट केली. सुकाणू माझ्या हाती दिलं आणि ताईशेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांच्या संसारात कुठेही जाताना हा माणूस तिच्या शेजारी बसला नव्हता. दोघंही डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. मी ते बघत होतो. वळण कोणीच बघत नव्हतं.

बोट आपटताच वादळ जागं झालं. भावजी उठले, नसलेला हॉर्न हाताने चाचपला आणि धावत आलेल्या चादरवाल्या बाईवरच घसरले, की ऐन रस्त्यात दोरी कशी बांधता? ती म्हणाली, हे माझं परसदार आहे.

"तुम्ही खाली बसा," ताई चादरीतून म्हणाली. भावजी बसले.

ताईने चादर काढली, त्या बाईबरोबर दोन टोकं धरून पिळली, आणि "हा माझा धाकटा भाऊ" एवढाच खुलासा केला. बाईला तो पटला, याचं मला अजून वाईट वाटतं. मग मला चिखलात उतरवून बोट ढकलायला लावली आणि सुकाणू स्वतः धरलं. उजवीकडे ढकललं, बोट निमूट डावीकडे वळली.

भावजी बघतच राहिले. "कुठे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? तुम्हाला एकीकडे न्यायचं असलं की मी दुसरीकडे ढकलते. घरात काय वेगळं करते?"

निकालही तिने तिथेच दिला. बोट राहील. चालवणार ती. भाषण बंद.

माझ्या अंगावरच्या चिखलाने नवा रंग खराब होईल म्हणून मला काठावरून चालायची शिक्षा झाली. ती काही अवघड नव्हती. मलाच मधूनमधून बोटीसाठी थांबावं लागत होतं. ताई समोर बघत होती. भावजी तिला लागून बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी गप्प. मला भरून आलं. त्यांनी हौसेने घेतलेली बोट, आणि माझ्या एका धक्क्याने ते तिच्यात उतारू झाले. मी काठावरून वाकून हळूच म्हणालो, "भावजी, माफ करा हं. माझ्यामुळे सुकाणू गेलं तुमचं."

त्यांनी ताईकडे तिरक्या नजरेने पाहिलं, तिचं लक्ष नाही याची खात्री केली आणि दबक्या आवाजात माझ्यावर खेकसले, "आपटायला एवढा वेळ का लावलास?"