नखावर मारलेली गोचीड

कुत्री न्हाऊ घालून पोट भरणाऱ्या या बाईला सगळी गल्ली आत्या म्हणायची, आणि जरा वचकूनच असायची. घराच्या मागच्या खोलीत एक पत्र्याचा टब, दोन नळ आणि आत्याची जीभ, एवढंच तिचं भांडवल. कुत्र्याच्या कानामागची टम्म गोचीड ती बोटांनी उपटायची आणि दोन अंगठ्यांच्या नखांत टचकन फोडायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "तुझ्या अंगावर चढली असती म्हणजे कळलं असतं!"

एकदा तिला ताप भरला. डोकं ठणकायला लागलं, अंग मोडून आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किडा-बिडा चावला का? जनावरांत असता?"

"छे! शिवणकाम करते," आत्यानं ठोकून दिलं. कुत्र्यांचं नाव काढलं की ही बाई धंदा बंद करायला लावणार, याची तिला खात्री होती. मुलगा शेजारीच उभा होता. कचेरीत टाय लावून जाणाऱ्या त्याला आईच्या कामाची लाज वाटायची. तोही गप्प बसला.

साध्या तापाच्या गोळ्यांनी काही उतार पडेना. मनगटांवर, मग तळहातांवर लाल ठिपके उठले आणि आत्या बरळायला लागली. मुलानं तिला त्याच डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात नेलं आणि एकदाचं सांगितलं, "आई कुत्री धुते. गोचिडी नखावर मारते."

"हे आत्ता सांगताय?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. गोचिडीतले जंतू नखाजवळच्या चिरेतूनही रक्तात शिरतात, असं सुनावत त्यांनी तपासणीच्या निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. आत्या वाचली, पण थोडक्यात.

घरी आली तर मागच्या खोलीला कुलूप. "पुरे आता," मुलगा म्हणाला. "कुत्र्यांपायी मेली असतीस."

"कुत्र्यांपायी नाही रे, खोट्यापायी! मी भीतीनं खोटं बोलले, तू लाजेनं गप्प बसलास. किल्ली दे."

त्यानं दिली नाही. आत्यानं वाद घातला नाही. भिंत धरत, धापा टाकत ती पुढच्या दारी आली, भर रस्त्यात बादली मांडली, हातांत रबरी मोजे चढवले, गोचिडी उपटायला चिमटा उचलला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली,

"आणा रे कुत्री! आणि कुणी विचारलं तर खुशाल सांगा, टायवाल्या साहेबाची आई कुत्री धुते!"