चहाला वेळेवर येणारा लाकूडवाला

मी चौथीपर्यंत शिकलो, पण चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली. म्हणून मेलबर्नला मुलाकडे राहायला आलो तेव्हा शेकोटीचं लाकूड मीच बघणार, असं ठणकावून सांगितलं. तिथेच फसलो.

आमचा लाकूडवाला गोरा, लालबुंद, भर थंडीत हाफ चड्डीवर फिरणारा. दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला त्याचा ट्रक दारात उभा राहतो, आणि तो रिकामा असतो. "टुमॉरो आर्वो, मेट. नो वरीज," म्हणतो; म्हणजे उद्या दुपारी आणतो, काळजी नको. दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची आमच्यात रीत नाही. माझा आल्याचा चहा त्याला भलताच आवडला. लाकडं तो दर वेळी विसरला, गुरुवार मात्र एकदाही विसरला नाही.

इकडे गारठ्याने बायकोचे गुडघे धरले. मुलगा म्हणाला, "बाबा, सरळ इलेक्ट्रिक हीटर आणू या."

"काही नको. माझा माणूस आहे तो, आणेल."

गेल्या गुरुवारी तो विझलेल्या शेकोटीसमोर बसला, कपावर हात शेकले आणि मलाच म्हणाला, "घर फार गार आहे, मेट. थोडी लाकडं का नाही आणत?"

बायको आत खुदकन हसली. मी उठून दार उघडलं. "नो वूड, नो टी." माझं इंग्रजी तिथे संपलं.

शुक्रवारी तो चक्क आला. काखेत एकच ओंडका होता. मी ठोकून पाहिला, तर तोही ओला.

मुलाला हीटर आणायला सांगितलं, आणि दोन कप चहा ठेवला.