सटाण्याचं एक लॉगइन

सातपूरच्या ज्या छोट्या कंपनीत मी पहिली नोकरी केली, तिथे दवाखान्यांसाठी पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनायचं. नव्वदच्या दशकात ते टर्मिनलवर चालायचं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, एक कीबोर्ड आणि नाशिकच्या मोठ्या कॉम्प्युटरपर्यंत टेलिफोनची लाइन. मी रुजू झाले तोवर बहुतेक दवाखाने विंडोजवर गेले होते. टर्मिनलची जुनी सोय बंद करायची का, हे कंपनी चालवणाऱ्या सरांना ठरवायचं होतं.

ती अजून कोण वापरतं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी लॉगइनची यादी काढली. फक्त सटाण्याचा एक दवाखाना, रोज सकाळी एक लॉगइन. तसा रिपोर्ट दिला. मग मला चैन पडेना, म्हणून शनिवारी एसटीने सटाण्याला गेले.

काउंटरवरच्या बाईंनी सकाळी पासवर्ड टाकला. त्यानंतर दिवसभर सिस्टर, कंपाउंडर, लॅबवाला, खुद्द डॉक्टर, जो येईल तो त्यांच्या खांद्यावरून हात घालून दोन बटणं दाबायचा, जुनी नोंद वाचायचा आणि जायचा. लॉगआउट कोणीच करत नव्हतं. एकदा बाहेर पडलं की त्या लाइनवर परत आत शिरायला अर्धा तास जायचा.

"माझंच नाव चालतं सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "नवा कॉम्प्युटर लावून पाहिला. ह्या लाइनवर नोंद उघडतच नाही. पेशंट आडवा पडलेला, आणि आम्ही पडद्याकडे बघत बसलेलो. त्यापेक्षा हेच बरं शे, ताई."

सोमवारी मीटिंग होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वाक्यं आधी मनात जुळवायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या दिवशी मध्येच बोलले.

"सर, ते एक लॉगइन म्हणजे नऊ माणसं आहेत."

"रिपोर्टमध्ये एक लिहिलंय."

"रिपोर्ट चुकला. मी जाऊन पाहिलं."

"आमची कॉन्व्हेंट सटाण्याला गेली होती," शेजारचा सीनियर म्हणाला. "कांदे तरी आणायचे, मॅडम."

सगळे हसले. सरही हसले. "लॉगआउट करत नाहीत ही त्यांची चूक. महिनाअखेर बंद. आणि तूच फोन करून कळव त्यांना, ओळख झालीये ना."

माझे कान तापले होते. मी जागेवर गेले आणि फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

"मग आते काय करानं, ताई? जुनं औषध कोणतं दिलं, कोणाला विचारायचं?"

मी त्यांना सरांच्या टेबलावरचा नंबर दिला. म्हटलं, "ठरवलं आमच्या सरांनी. जुनी नोंद उघडायची असेल त्या प्रत्येक पेशंटच्या वेळी आत्तापासूनच त्यांना फोन करा. सिस्टरला सांगा, डॉक्टरांनाही सांगा."

मंगळवारी सकाळी फोन सुरू झाले. सर आधी समजावत होते, मग चिडत होते, मग नुसतं "हो, बघतो" म्हणत पेशंटचं नाव कागदावर उतरवत होते. डॉक्टर तर त्यांना लाइनवर थांबवून पेशंट तपासायचे. गुरुवारी परत मीटिंग झाली आणि टर्मिनल चालू ठेवायचं ठरलं. सटाण्याची लाइन सुधारेपर्यंत.

त्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "आपण नेहमी ग्राहकाचं ऐकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सीनियरनेही. मी मान हलवली नाही. नंबर कोणी दिला, हे सरांनी मला कधी विचारलं नाही, आणि त्या वर्षी माझा पगार वाढला नाही.