आमचा सत्कार करून आम्हाला बसवलं

आमच्या क्रिकेट संघाच्या सेक्रेटरीनं मला आणि आमच्या विकेटकीपर गुरुजींना फसवलं. दोघांचा सत्कार करून फसवलं. लोक अजूनही त्याला आमचा मान म्हणतात, म्हणून हे लिहितो आहे.

ही सत्तरच्या दशकातली, जालन्यातली गोष्ट. कुंभार पिंपळगावहून मोकळ्या हातानं येऊन मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सरकी-ढेपेचा धंदा उभा केला होता. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. आणि मीच एका शालीला भुललो, याचा राग अजून जात नाही.

तरुणपणी मी जोरात चेंडू टाकायचो आणि मार खायचो. चाळिशी उलटल्यावर खांदा दुखायला लागला, तेव्हा नाइलाजानं लेगस्पिन धरली. काथ्याच्या मॅटवर चेंडू असा वळायचा की मलाच नवल वाटे. गुरुजी माझ्याच वयाचे, शाळेत शिक्षक. गुडघ्याला पट्टी बांधून स्टंपांना चिकटून बसायचे. "शेठ, हळू. याला घाई हाय," एवढंच म्हणायचे. मी आणखी हळू टाकायचो, फलंदाज पुढे धावायचा आणि मागे गुरुजी बेल्स उडवून मोकळे. मोंढ्यातली पोरं आम्हाला म्हातारे म्हणत, पण सरावाला माझ्यासमोर बॅट घेऊन उभं राहायला कुणी तयार नसे. माझं खरं क्रिकेट तेव्हा कुठं सुरू झालं होतं.

शहागडशी अंतिम सामना ठरला. सेक्रेटरी पेशानं वकील. त्यांनी आदल्या संध्याकाळी मैदानावर मांडव घातला, आम्हा दोघांना हार घातले, शाल पांघरली, नारळ दिला. "या दोघांनी संघासाठी आयुष्य झिजवलं," ते माइकवरून म्हणाले. मला वाटलं, उद्यासाठी हुरूप देताहेत. मी हात जोडले. पहिल्या रांगेत बायको डोळे पुसत होती.

सकाळी पांढरे कपडे घालून गेलो, तर माझ्या जागी वकिलांचा पुतण्या आणि गुरुजींच्या जागी त्याचा मित्र.

"काल निरोप दिला ना शेठ तुम्हाला," वकील म्हणाले.

"कशाचा निरोप? मी खेळून राह्यलो अजून."

"मंग शाल कशाला घेतली? चार लोकांत घेतली, हात जोडले. आता मैदानात उतरणं बराबर दिसत न्हाई."

आमच्याकडे रीतच आहे. मास्तर असो की तलाठी, खांद्यावर शाल पडली की माणूस रिटायर. ही रीत मला ठाऊक होती आणि वकिलांना माझ्याहून जास्त. मी त्यांची कॉलर धरायला पुढे झालो, तर गुरुजींनी मनगट पकडलं. "शेठ, तुम्ही हात उचलावा हेच त्यांना पाहिजे. मंग सगळ्यांना सांगतील, म्हातारा बिघडला."

आम्हाला पाहुणे म्हणून मांडवात बसवलं. गुरुजी हातमोजे मांडीवर घेऊन बसले होते.

शहागडचा कप्तान ट्रक चालवायचा. माझ्यापेक्षा मोठा, मिशा पांढऱ्या. त्यानं पुतण्याला सगळ्या मैदानभर पळवलं. जेवणाच्या सुट्टीत तो घाम पुसत आमच्याकडे आला.

"तुम्ही काहून बसले? तुमच्या धाकानं मी आठवडाभर प्रॅक्टिस केली."

"आमचा सत्कार झाला," मी म्हणालो.

"माझ्याकडंबी आमचा सेक्रेटरी आल्ता शाल घेऊन. म्हटलं, तूच पांघर, मला गरम होऊन राह्यलं."

गुरुजी हसले. मला हसू आलं नाही.

सामना हरलो. नंतर दुसऱ्या संघांकडे मी स्वतः गेलो. सगळ्यांचं उत्तर एकच: तुमचा तर निरोप झाला. गुरुजी पुन्हा स्टंपांमागे बसले नाहीत. आता ते या जगातही नाहीत.

वकील आहेत. थकलेत, पण जीभ शाबूत आहे. आमचं खेळणं संपलं हे कुणी ठरवलं आणि आम्हाला एका शब्दानं का विचारलं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यावं. घरी बोलावून, चहा पाजून नको. त्याच मैदानावर, लोकांसमोर द्यावं.